मुदतबंद प्रेम

प्रेमात पडून उठलेल्या माणसांविषयी मला विशेष आस्था नाही. ते यथावकाश गृहकर्जाला आमच्या शाखेत येतात, तिथं त्यांची आणि माझी रीतसर भेट होतेच. माझा जीव तुटतो तो पडून तिथंच राहिलेल्यांसाठी.

त्यामुळे आमच्या कन्येनं लॅपटॉपवर ‘फ्रेंड्स’ लावली आणि तो रॉस नावाचा पावसात भिजलेल्या मांजराच्या चेहऱ्याचा इसम दिसला, तेव्हा मी अडकित्ता खाली ठेवून खुर्ची पुढे ओढली. ही मालिका अमेरिकेत १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं चालली, भाग २३६. न्यूयॉर्कमधले सहा मित्र एका कॉफीच्या दुकानातल्या सोफ्यावर बसतात. नोकऱ्या केव्हा करतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडे २०१५ साली झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली होती, तिच्यातही मुंबईतल्या एका घरात राहणारी सहा पोरंच होती, म्हणून हा प्रकार अगदीच परका वाटला नाही.

तर हा रॉस. व्यवसायानं डायनासोरची हाडं तपासणारा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांशी ज्याचा रोजचा व्यवहार, त्याला कसली आलीय घाई! शाळेपासून त्याचं बहिणीच्या मैत्रिणीवर, रेचेलवर, प्रेम. बोलत मात्र नाही. शाळेच्या नाचाच्या दिवशी तिचा जोडीदार वेळेवर आला नाही, तेव्हा हा बापाचा सूट चढवून, हातात फुलं घेऊन जिना उतरतो आणि नेमका तेवढ्यात तो जोडीदार उगवतो. जिन्यावर फुलं घेऊन उभा राहिलेला तो रॉस पाहून माझे डोळे भरून आले. सौ. म्हणाली, “सुपारीची धूळ गेली असेल.”

“बिचारा,” मी म्हणालो. “एवढी वर्षं थांबला. तिनं हो म्हणायलाच हवं.”

“का?” कन्येनं विचारलं.

वाचकहो, मी बी.कॉम. आहे. ‘का’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं शिक्षण मला मिळालेलं नाही. ‘किती टक्के’ विचारा, सांगतो. तरी बापाच्या अधिकारानं सांगितलं, की माणूस इतका काळ मन गुंतवून ठेवतो, तर मुदतीअखेर त्याला काही मिळायला नको?

“बाबा, मुदतबंद ठेवीची पावती दोघांच्या संमतीनं होते ना? तिनं कुठं सही केली होती? यानं परस्पर पैसे टाकले तिच्या नावावर, आणि आता व्याज मागायला आला.”

बँकवाल्याच्या घरात मुलं वाढवू नयेत ती यासाठी. मी काही बोललो नाही, पण पुढचे भाग मी जरा निराळ्या नजरेनं पाहायला लागलो आणि माझा वकील म्हणून उत्साह ओसरत गेला. हाच रॉस रेचेल मिळायची वेळ आल्यावर तिच्या गुणदोषांची यादी करतो. आमच्याकडे कर्जाच्या अर्जाची छाननी करतात तशी! ती मिळाल्यावर तिच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यावरून तिला भंडावून सोडतो. दोघं जरा दूर व्हायचं ठरवतात, तर त्याच रात्री तो दुसरीकडे जातो, आणि ‘तेव्हा आमची फारकत चालू होती’ हा युक्तिवाद त्याला मालिका संपेपर्यंत पुरतो. पुढं लंडनमध्ये एमिलीशी लग्न लागताना तोंडून नाव निघतं रेचेलचं. तीन लग्नं, तीन घटस्फोट. शेवटी २००४ साली रेचेल पॅरिसच्या विमानातून उतरून त्याच्याकडे परत येते तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. मलाही वाजवाव्याशा वाटल्या. पण हात मध्येच थांबले, कारण ती पॅरिसला निघाली होती ती एका चांगल्या नोकरीसाठी.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

मी चौलहून अलिबागला कॉलेजला जायचो. रेवदंड्याहून येणारी एसटी चौल नाक्यावर धरायची. नागावला एक मुलगी चढायची. तिच्यासाठी मी शेजारची जागा पिशवी ठेवून राखायचो. तीन वर्षं राखली. कॉस्टिंगच्या वह्या दिल्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी ताळेबंद जुळवून दिला. बोललो मात्र काही नाही. मग तिचं लग्न ठरलं, मुलगा ठाण्याचा. त्यानंतर कित्येक वर्षं माझी मनातल्या मनात समजूत अशी, की आपल्यावर अन्याय झाला. नक्की कोणी केला, ते नाव घालायची जागा कोरी होती. पण हळूहळू मी तिथं तिचंच नाव घालायला लागलो होतो.

परवा ती शाखेत आली. वडील गेले, त्यांचं एक जुनं बचत खातं सापडलं होतं. दोन वर्षं उलाढाल नसली की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी बुडत नाही. वारसानं कागदपत्रं आणली की मिळते. हे मी सांगत असताना तिनं चष्मा काढून पाहिलं आणि “तुम्ही...” म्हणता म्हणता “अरे, तू!” म्हणाली.

चहा मागवला. मुलांची चौकशी झाली. आणि पंचेचाळिशीत माणसाला जो एक उगीचच धीटपणा येतो तो मला आला. म्हणालो, “तेव्हा तुला सांगायचं राहूनच गेलं.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

पहिल्याच भागात रॉस जेव्हा शाळेतल्या प्रेमाची कबुली देतो, तेव्हा रेचेलही हेच सांगते. मला तो प्रसंग विनोदी वाटला होता.

“तू विचारलं असतंस तर मला नाही म्हणावं लागलं असतं. तुला वाईट वाटलं असतं. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा मी मुद्दाम तुझी गाडी सोडायचे. मागच्या गाडीनं यायचे, उभी राहून. म्हटलं, आपोआप कळेल.”

मला कळलं नव्हतं. त्या दिवशी ती जागा मी थेट अलिबागपर्यंत राखायचो, न जाणो म्हणून. एकदा मासळीची पाटी घेऊन एक म्हातारी मावशी नागावपासून माझ्याशेजारी दांडी धरून उभी होती. “कोनी येनार हाय का रे बाला?” तिनं विचारलं होतं. मी “हो” म्हणालो होतो. हे इतकी वर्षं मला एकदाही आठवलं नव्हतं; वह्या आणि ताळेबंद मात्र तारखेनिशी आठवत होते.

रांगेतले लोक खाकरायला लागले. तिच्या कागदांत दोन फोटो आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत कमी होती. “सोमवारी आण,” मी म्हणालो, “तासाभरात करून देतो.”

सोमवारी ती साडेदहालाच आली होती आणि तिचं काम झालं, असं मला शिपायानं नंतर सांगितलं. मी त्या दिवशी रजा टाकली होती.