न बोलावता जाण्याची मुभा

दिवाळीची सुट्टी लागली की विद्यार्थी आणि त्याचे सर यांच्यात फार तर दोन निरोप होतात. एक पणतीच्या चित्राचा, चाळीस जणांना एकदम धाडलेला. दुसरा, त्याला उत्तर म्हणून, नुसत्या जोडलेल्या हातांचा. पुढे सुट्टी संपेपर्यंत दोघेही गप्प, आणि हे गप्प राहणं दोघांनाही सभ्यपणाचं वाटतं. पोरगा म्हणतो, सणासुदीला सरांना कशाला त्रास. सर म्हणतात, पोरगा घरी गेलाय, चार दिवस आराम करू दे. एकमेकांना इतकं जपणाऱ्या माणसांत अंतर पडायला एवढी सुट्टी पुरते.

यावर सध्या सुचवला जाणारा उपाय म्हणजे संपर्क. आठवड्याला एक फोन, ग्रुपवर रोज एक प्रश्न, मध्येच एखादं ऑनलाइन सत्र. कुणी किती फोन केले याचे तक्तेही ठेवले जातात. मला हा उपाय वरवरचा वाटतो. सुट्टी ही रिकामी जागा आहे आणि ती कशानं तरी भरली पाहिजे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या वर्षात सुट्टीइतका घडामोडींचा काळ दुसरा नाही. सोयाबीनचे पैसे आलेले किंवा अडकलेले असतात, कापूस वेचणीला आलेला असतो, भावकीतले सगळे गावात असतात. तुळशीचं लग्न लागलं की मुलीला बघायला पाहुणे यायला लागतात. शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी पुढे शिकणार की नाही, हे कॉलेजात ठरत नाही. ते घरी ठरतं, आणि बहुतेकदा कार्तिकातच ठरतं. नेमकं तेव्हा तिला ओळखणारं, तिच्या बाजूनं दोन शब्द बोलू शकणारं कॉलेजातलं माणूस सभ्यपणानं लांब असतं.

बीड जिल्ह्यातल्या शिक्षकाला हे कुणी समजावून सांगायला नको. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि तिथल्या गावांमधून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ट्रक-ट्रॅक्टर निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यासोबत पोरंही. सुट्टीआधी चाळीस मुलांचा असलेला वर्ग सुट्टीनंतर किती मुलांचा भरेल, हे शाळा उघडल्याशिवाय कळत नाही. हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना याचसाठी आहे : आईबाप फडावर गेले तरी मूल गावात राहावं, जेवावं, शाळेत यावं. पण मुलाला मागे ठेवायचं की न्यायचं, हा निर्णय बैठक मारून, चहा घेत, आजीच्या तब्येतीचा अंदाज घेत होतो. तिथं शाळेकडून कुणी बसलेलं असेल तर फरक पडतो.

आता ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाकडे बघा. हंगाम संपला म्हणून त्याचं नातं संपत नाही. पावसाळ्यात घरात पैशाची ओढ लागते, तेव्हा तो उचल घेऊन दारात उभा असतो. कुणाच्या घरी दवाखाना आहे, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, हे त्याला माहीत असतं, आणि हे कळायला त्याला कुणी बोलवावं लागत नाही. त्याच्या नात्यात पिळवणूक आहे, कर्जाचा फास आहे, सगळं मान्य. पण बिनहंगामात माणूस धरून ठेवायची कला त्याला येते आणि भलं चिंतणाऱ्यांना येत नाही, ही गोष्ट मला बोचते. भलं चिंतणारे बोलावण्याची वाट बघत बसतात.

या एका मुद्द्यावर फार जुना आणि फार नेमका विचार झालेला आहे. तो विनयपिटकात सापडतो. मराठी वाचकाला धर्मानंद कोसंबींमुळे भिक्षुसंघाच्या नियमांची थोडी ओळख आहे. ‘महावग्गा’तला वर्षावासाचा भाग मात्र सहसा कुणी मुद्दाम उघडत नाही. वर्षावासाची गोष्ट साधी आहे. पावसात भिक्षू हिंडतात, हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवतात, पाखरंसुद्धा पावसात घरटं धरून राहतात, अशी लोकांनी तक्रार केली. मग तीन महिने एका जागी राहायचं ठरलं. भाजे, कार्ले, कान्हेरी इथली लेणी बघताना आपण चैत्याच्या कमानीकडे मान वर करून बघतो. पण बाजूच्या खोल्यांमधले ते दगडी ओटे पावसाळ्याचेच सोबती असणार.

नवा भिक्षू मात्र एकटा राहू शकत नसे. निदान पाच वर्षं त्यानं आचार्याच्या आश्रयानं राहावं असा नियम होता. आचार्यानं शिष्याला पोटच्या मुलासारखं मानायचं आणि शिष्यानं आचार्याला बापासारखं. ही जबाबदारी दोन्ही बाजूंनी होती. शिष्य आजारी पडला तर गुरूनं उशापायथ्याशी बसायचं. गुरूचं मन भिक्षुजीवनातून उडू लागलं तर शिष्यानं त्याला सावरायचं.

मग प्रश्न आला की हे दोघे पावसाळ्यात वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर काय? नियम जागा सोडायची नाही असा. त्यावर काढलेली वाट मला आजही थक्क करते. सात दिवसांत परत यायचं या अटीवर बाहेर जाता येतं. उपासकाकडे, म्हणजे गृहस्थ अनुयायाकडे, जायचं तर त्यानं निरोप धाडलेला हवा. निरोपाशिवाय जायचं नाही. पण सहधर्मी भिक्षू असेल, भिक्षुणी असेल, नवखा श्रामणेर असेल, तर न बोलावताही जायची मुभा आहे. कशासाठी, तेही सांगितलंय. तो आजारी आहे. त्याचं मन रमेनासं झालंय. आपल्या हातून काही चुकलं या रुखरुखीनं तो पोखरला जातोय. त्याच्या डोक्यात भलतंच मत शिरलंय. पुढे आईवडिलांचाही या यादीत समावेश झाला.

यातलं शहाणपण व्यवहारातलं आहे. ज्याचं मन उडालंय तो मन उडालंय असा निरोप धाडत नाही. रुखरुखीनं पोखरलेला माणूस तर मुद्दाम लपतो. मदतीची सर्वांत जास्त गरज असलेल्या माणसाकडून बोलावण्याची अपेक्षा ठेवायची नाही, हे नियम करणाऱ्यांना कळलं होतं. म्हणून पहिलं पाऊल कुणी टाकायचं हा प्रश्न त्यांनी संकोचावर सोडला नाही. आणि सात दिवसांची अट घालून जाणाऱ्यालाही वेसण घातली : धीर देऊन आपल्या जागी परत यायचं, तिथं तळ ठोकायचा नाही.

इथं संशोधक विद्यार्थी हसतील, आणि त्यांचं हसणं रास्त आहे. सुट्टीत न बोलावता येणारा गाइडचा फोन त्यांच्या चांगला ओळखीचा असतो. निबंधाच्या संदर्भसूचीतल्या चुका काढून दे, परिषदेचं निमंत्रण टाइप कर, कन्येचा शाळेतला प्रकल्प जरा बघ. हा उत्साह नको तितका आहे आपल्याकडे. महावग्गाची यादी म्हणूनच पुन्हा वाचावी. संघाच्या कामाला, विहाराच्या डागडुजीला जायची सवलत त्यात आहे. पण गुरूचं खासगी काम अडलंय म्हणून शिष्याला हलवायचं, असं कारण तिथं नाही. न बोलावता जायचं ते समोरच्याच्या अडचणीसाठी.

गेल्यावर काय बोलायचं, हा पुढचा घोळ. अभ्यास सोडून काहीही, असं माझं मत. मुंबईच्या क्रिकेटनं ही युक्ती नकळत साधली होती. पावसाळ्यात खेळ बंद पडायचा, तर १९४८पासून डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावानं लीग सुरू झाली, तीही पावसातलीच. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थबकतो, कधी छातीवर उसळतो. तिथं नावाजलेला फलंदाज आणि शाळकरी पोरगा एकाच संघात असत, आणि नावाजलेलाही चार धावांवर परतायचा. नेटमध्ये ज्याचा शब्द अखेरचा, त्याला पॅड काढताना वैतागलेलं बघणं हाही शिक्षणाचाच भाग. विद्यार्थ्याच्या शेतात गेलेल्या प्राध्यापकाचंही असंच होतं. बोंड कसं धरायचं इथपासून त्याला शिकवावं लागतं, आणि पोराला पहिल्यांदा कळतं की सरांना काही गोष्टी येत नाहीत. जानेवारीत तोच पोरगा वर्गात शंका विचारायला हात वर करतो.

गप्प राहण्याच्या सभ्यपणाबद्दलही महावग्गात एक प्रसंग आहे. कोसल देशात काही भिक्षूंनी ठरवलं, तीन महिने एकमेकांशी बोलायचंच नाही, म्हणजे भांडण नको. पाणी भरायचं, आसन मांडायचं, मदत लागली तर हातानं खुणावायचं. पावसाळा संपल्यावर ते मोठ्या समाधानानं श्रावस्तीला आले, आणि बुद्धानं त्यांना जनावरांसारखे राहिलात, मेंढरांसारखे राहिलात, म्हणून फटकारलं. त्यातूनच प्रवारणा आली. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येकानं संघापुढे सांगायचं, तुम्ही माझं काही चुकीचं पाहिलं, ऐकलं, किंवा नुसती शंका आली असेल, तरी करुणेनं मला सांगा. हे तीनदा म्हणायचं.

महाराष्ट्रातल्या विहारांमध्ये आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चं वाचन चालतं, तेव्हा वर्षावास आपल्याला अगदीच परका नाही. प्रवारणेचा क्रम मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. सुरुवात सर्वांत ज्येष्ठानं करायची, नवख्यानं नंतर. आमच्याकडेही सत्र संपताना विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात. तो निनावी असतो, कार्यालयात जमा होतो, आणि शिक्षकापर्यंत त्याची पाचपैकी किती गुण एवढी सरासरी पोचते. समोर बसून, नाव घेऊन, आधी स्वतःबद्दल विचारणारा फॉर्म अजून कुठल्या विद्यापीठानं छापल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.