सांध्यापलीकडची अर्धी वीत

बारावीची परीक्षा संपली आणि जामनेरच्या एका मुलाने घरातली जुनी फळी अंगणात काढली. त्याला तिच्यावर 'पी.जे.'चं शेवटचं स्टेशन उभं करायचं होतं. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली, ती परत धावली नाही. आता तिथे ब्रॉडगेज येणार, रूळ पुढे बोदवडला जाणार. म्हणजे जामनेर शेवटचं स्टेशनही राहणार नाही. आपण पाहिलेलं निदान फळीवर तरी राहावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

पुण्याला कोथरूडमधलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय त्याने पाहिलं होतं. खऱ्याच्या १/८७ हे माप त्याने धरलं. सगळा ५६ किलोमीटरचा मार्ग त्या मापाने केला तरी साडेसहाशे मीटरच्या आसपास जातो, तेव्हा वरखेडी, शेंदुर्णी, पहूर सोडून देऊन एकटं जामनेर धरणं भाग होतं. खऱ्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतं, आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक त्याने पोटात घातला.

मग तो रंगला. शेतातली काळी माती वाळवून, फडक्यातून चाळून, पातळ फेविकॉलवर भुरभुरली. रुळांखाली खडी म्हणून चाळलेली वाळू घातली. वाळलेल्या गिलक्याची जाळी कुस्करून, हिरवी रंगवून बाभळीच्या काटक्यांवर चिकटवली. झाडं इतकी खरी दिसू लागली की आईने हात लावून पाहिला. केळीची बाग झाली, कापसाच्या गाठी भरलेली बैलगाडी झाली. फलाटाच्या टोकाला, जिथे रूळ संपतात तिथेच, एक मोठा कडुनिंब उभा राहिला. सगळ्यांत जास्त जीव त्याने त्या झाडात ओतला होता.

गाडी चालवायच्या दिवशी गल्ली जमली. इंजिन दोन डबे ओढत आलं आणि कडुनिंबाखाली थांबलं. टाळ्या पडल्या, चहा झाला, माणसं पांगली. शेजारचे नाना तेवढे बसून राहिले. नानांची उमर रेल्वेत सांधेवाल्याचं काम करण्यात गेली होती.

"छान केलंस भाऊ. आता परत कशी न्यायची?"

"उलटी, नाना. इंजिन मागून ढकलेल."

"पाचोऱ्यापर्यंत? पुढे रुळांवर म्हैस आली तर डायवरला डब्यांआडून दिसेल का?"

मुलगा गप्प झाला. नानांनी खडूने फरशीवर दोन रेघा ओढल्या. गाडी येते तो रूळ, आणि त्याच्या शेजारी दुसरा. दोन्ही टोकांना एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे. आल्यावर इंजिन सुटायचं, सांध्याच्या पुढे जाऊन उभं राहायचं. सांधा बदलला की शेजारच्या रुळाने मागे यायचं, डब्यांना वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागायचं. तेव्हा कुठे गाडी पाचोऱ्याकडे तोंड करते.

"सांध्यापलीकडे इंजिनापुरता मोकळा रूळ लागतो. तुझ्या मापाने अर्धी वीत," नाना म्हणाले. त्यांचं बोट कडुनिंबाच्या बुंध्यावर होतं.

"पण नाना, लोक झाडच बघतात. मोकळा रूळ कोण बघणार?"

"आमच्या वेळीही कोणी बघत नव्हतं. उतरलेला माणूस पिशवी उचलून घराकडे निघायचा. पण ज्याला संध्याकाळी परतायचंय, त्याची गाडी त्या रिकाम्या रुळामुळेच निघायची रे."

त्या रात्री मुलगा फळीपुढे बराच वेळ बसला. फळी लांबवायला अंगणात जागा होती, खोलीत नव्हती. दार लागलं नसतं. बारकी करवत घेऊन त्याने कडुनिंब मुळापासून कापला. केळीच्या दोन ओळीही गेल्या, कारण दुसरा रूळ तिथूनच जाणार होता. कष्टाचं काम स्वतःच्या हाताने मोडायला फार बळ लागतं, आणि ते त्या पोराने दाखवलं, याचं मला कौतुक वाटतं.

तो शेजारचा रूळ आणि सांधे बसवायला पुढचा आठवडा गेला. नानांना बोलावलं तेव्हा गल्लीतल्या कुणालाच सांगितलं नव्हतं. इंजिन सुटलं, पुढे गेलं, सांधा बदलला, शेजारच्या रुळाने मागे आलं आणि खट्कन थांबलं. शेवटच्या डब्याची कड सांध्यापाशी आडवी येत होती.

नाना हसले. त्यांनी घरातून तांदळाचा एक दाणा मागवला आणि दोन रूळ जिथे एकमेकांजवळ येऊ लागतात तिथे मधोमध चिकटवला. "आमच्याकडे इथे पांढरा दगड असतो. डबा याच्या आतच उभा राहिला पाहिजे. घे, पुन्हा आण."

मुलाने गाडी फळीच्या कडेपर्यंत मागे नेली आणि दाण्यावर नजर ठेवून पुन्हा आत आणली.