अठरा मिनिटांच्या गाण्याचे श्रोते

१९७२ साली ‘जेथ्रो टल’ या ब्रिटिश बँडने ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ नावाचा अल्बम काढला. त्यात गाणं एकच होतं, तेही पाऊण तासाच्या आसपासचं. मध्ये तबकडी उलटावी लागे, तेवढाच काय तो विसावा. हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी ‘येस’ने ‘क्लोज टू दि एज’मध्ये तबकडीची अख्खी बाजू अठरा मिनिटांच्या एका रचनेला देऊन टाकली आणि लोकांनी तीही डोक्यावर घेतली. आज तीन मिनिटांचं गाणंही अर्ध्यावर सोडून बोट पुढच्या गाण्याकडे सरकतं. तेव्हा प्रोग्रेसिव्ह रॉकचे, चाहत्यांच्या भाषेत ‘प्रॉग’चे, दिवस भरले असं म्हणून कुणीही मोकळं होईल. मग मे २०२५ मध्ये ‘स्लीप टोकन’ हा मुखवटे घालून वाजवणारा ब्रिटिश बँड, वाटेत दोन-तीनदा रूप पालटणारी लांब गाणी घेऊन, अमेरिकेच्या यादीत अव्वल कसा ठरला?

प्रॉग लोकप्रिय झालं ते केवळ गुणांवर नाही. त्याला काळाची साथ होती. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावत. ती मोकळी जागा संगीतकारांना खुणावत होती. अमेरिकेत साठच्या दशकाच्या मध्यावर एफएम केंद्रांना एएमचाच कार्यक्रम दिवसभर पुन्हा लावायला मनाई झाली, आणि रिकाम्या पडलेल्या वेळात निवेदक अल्बममधल्या लांब रचना वाजवू लागले. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या सभागृहांनी या बँडना हक्काचा, बसून ऐकणारा श्रोता दिला. १९६९ मध्ये ‘किंग क्रिम्झन’चा पहिला अल्बम आला तेव्हा ही सगळी सामग्री तयार होती. लांब गाणं ऐकायचं असं कुणी ठरवत नव्हतं. रेडिओ लावला की ते कानावर पडायचं.

अशाने अवघड गोष्टीही सहज पचल्या. ‘पिंक फ्लॉइड’च्या ‘मनी’मधली बेसची सुरावट सात मात्रांची आहे. रूपक तालावर वाढलेल्या मराठी कानाला त्यात नवल वाटणार नाही, पण चारच्या चालीत मुरलेल्या पाश्चात्त्य रॉकमध्ये ते अप्रूप होतं. तरी १९७३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या वीस गाण्यांत पोचलं. ज्या अल्बममध्ये ते होतं, तो ‘डार्क साइड ऑफ द मून’ अमेरिकी यादीत सातशेहून अधिक आठवडे राहिला.

मग गणित बिघडलं. ‘येस’चा गायक जॉन अँडरसन याने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचली. श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र यांबद्दलच्या त्या टिपेवरून १९७३ मध्ये चार बाजूंवर चार रचना असा दुहेरी अल्बम उभा राहिला. ब्रिटनमध्ये तो पहिला आला, पण बँडचाच कीबोर्डवादक रिक वेकमन त्याला इतका कंटाळला की एका मैफलीत मंचावर बसूनच त्याने करी खाल्ली. पुढे याच वेकमनने १९७५ मध्ये वेम्बलीत राजा आर्थरची कथा बर्फावर, स्केटिंग करणाऱ्या कलाकारांसह सादर केली. ‘एमर्सन, लेक अँड पामर’ १९७७ मध्ये पूर्ण वाद्यवृंद घेऊन दौऱ्यावर निघाले. खर्च झेपेना म्हणून थोड्याच कार्यक्रमांनंतर वादकांना घरी पाठवावं लागलं.

पंक संगीताने प्रॉगला मारलं, ही कथा सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘सेक्स पिस्टल्स’चा जॉन लायडन ‘पिंक फ्लॉइड’चा तिरस्कार करतो असं लिहिलेला शर्ट घालून हिंडला, हेही खरं. पण फ्लॉइडचा ‘द वॉल’ आला तो पंकच्या वादळानंतर, १९७९ मध्ये, आणि तुफान खपला. प्रॉग लहान केलं ते बव्हंशी प्रॉगवाल्यांनीच. ‘येस’, ‘क्रिम्झन’ आणि ‘एमर्सन, लेक अँड पामर’मधल्या मंडळींनी ‘एशिया’ हा बँड काढला आणि १९८२ मध्ये चार-पाच मिनिटांच्या गाण्यांवर अमेरिकेत नऊ आठवडे पहिलं स्थान राखलं. वर्षभराने ‘येस’ने ‘ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट’ हे चटपटीत गाणं दिलं. त्यांचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते एकमेव गाणं. ‘जेनेसिस’ही त्याच वाटेने गेले.

त्यानंतर प्रॉग मुख्य रस्त्यावरून गल्लीत आलं, आणि गल्लीत त्याचं बरं चाललं. १९९७ मध्ये ‘मरिलियन’कडे अमेरिका दौऱ्यासाठी पैसे नव्हते, चाहत्यांनी इंटरनेटवरून सुमारे साठ हजार डॉलर जमवून दिले. २००१ मध्ये त्याच बँडने अल्बम ध्वनिमुद्रित होण्याआधीच बारा हजारांहून अधिक लोकांकडून पैसे घेतले. लोकवर्गणीतून कला उभी करणाऱ्या संकेतस्थळांचा जमाना यायला अजून बरीच वर्षं होती. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘प्रॉग’ याच नावाचं नियतकालिक निघालं. २०१३ पासून फक्त याच संगीतासाठी जहाजावरची सफर निघू लागली. गर्दी बेताची, पण न हलणारी. तिला कानावर पडलेलं नको होतं. तिने शोधून आणलं होतं.

आज प्रॉगची लोकप्रियता मोजायला बसलं की दोन वेगळे आकडे एकाच रकान्यात पडतात आणि घोटाळा होतो.

पहिला आकडा जुन्या खजिन्याचा. तो भरभक्कम आहे. २०२४ मध्ये ‘पिंक फ्लॉइड’च्या ध्वनिमुद्रणांचे आणि नावाचे हक्क सोनीने घेतले, बातम्यांनुसार किंमत सुमारे चाळीस कोटी डॉलर. माँट्रियलचा ‘द म्युझिकल बॉक्स’ हा बँड जेनेसिसचे सत्तरच्या दशकातले कार्यक्रम वेशभूषेपासून पडद्यावरच्या चित्रांपर्यंत हुबेहूब उभे करतो. ‘येस’चा अखेरपर्यंत टिकलेला संस्थापक ख्रिस स्क्वायर २०१५ मध्ये गेला, तरी त्या नावाने दौरे चालूच आहेत. आपल्याकडे संगीत नाटकाचं हेच झालं. नाट्यपदांच्या मैफलींना सभागृहं भरतात आणि २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ पडद्यावरही गाजतं, पण नवं संगीत नाटक रंगभूमीवर क्वचित येतं. पदांना मिळणाऱ्या टाळ्यांवरून नाट्यप्रकाराची तब्येत कळत नाही.

दुसरा आकडा नव्या निर्मितीचा, आणि गंमत म्हणजे तो घटलेला नाही. स्ट्रीमिंगचा बाजार लांबीच्या विरोधात आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक वेळ मोजली जाते. वीस मिनिटांची रचना आणि दोन मिनिटांचं गाणं यांचा हिशेब सारखाच. तरीही २०१९ मध्ये ‘टूल’चा तेरा वर्षांनी आलेला, ऐंशी मिनिटांच्या घरातला अल्बम अमेरिकेत पहिला आला, आणि त्याचं दहा मिनिटांहून लांब शीर्षकगीत पहिल्या शंभर गाण्यांत शिरलं. ‘पॉर्क्युपाइन ट्री’ बँडच्या स्टीव्हन विल्सनने २०२५ मध्ये ‘दि ओव्हरव्ह्यू’ काढला. त्यात रचना फक्त दोन. टेक्ससच्या ‘पॉलिफिया’ने उलटी वाट धरली: गिटारवरची अफाट कारागिरी तीन-साडेतीन मिनिटांत कोंबली आणि ती यूट्यूबवर तरुणांपर्यंत नेली. लंडनच्या ‘ब्लॅक मिडी’ने पंकचा चिडका सूर आणि प्रॉगचा गुंता एकाच गाण्यात नांदवला. सत्तरच्या दशकात हे दोघे एकमेकांचं तोंड पाहत नसत.

जुने चाहते यातल्या अनेकांना प्रॉग मानायला तयार नाहीत. ‘स्लीप टोकन’मध्ये त्यांना पॉप फार दिसतं, ‘टूल’मध्ये मेटल. त्यांचा हिशेब धरला तर प्रॉग खरोखरच आटत चाललं आहे, कारण त्यांच्या यादीतली माणसं वयाने जात आहेत: कीथ एमर्सन आणि ग्रेग लेक दोघेही २०१६ मध्ये, ‘रश’ बँडचा ड्रमर नील पर्ट २०२० मध्ये. पण मेलोट्रॉन हे वाद्य, परीकथेचं मुखपृष्ठ आणि केपमधला कीबोर्डवादक ही प्रॉगची लक्षणं नव्हेत, ती त्या काळाची आहेत. गाण्याने एका जागी न थांबता पाच ठिकाणी जाऊन यावं आणि श्रोत्याने तेवढा वेळ द्यावा, हा मूळ आग्रह पाहिला तर आजची गर्दी १९९०च्या दशकातल्या गर्दीपेक्षा मोठी आणि तरुण वाटते.

महाराष्ट्रानेही हे दोन्ही आकडे पाहिले आहेत. फेब्रुवारी २००७ मध्ये पूर्वी ‘पिंक फ्लॉइड’मध्ये असलेल्या रॉजर वॉटर्सने मुंबईत ‘डार्क साइड’ सलग वाजवला. ती गर्दी खजिन्यासाठी होती. डिसेंबर २००९ मध्ये विल्सनचा ‘पॉर्क्युपाइन ट्री’ पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ला आला, तेव्हा समोरची मुलं तेव्हाच रचल्या जात असलेल्या संगीतासाठी जमली होती. २०१३ मध्ये मुंबईच्याच ‘कोशिश’ने हिंदीत ‘फिरदौस’ हा एकाच कथासूत्रात बांधलेला अल्बम काढला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘रश’ने २०२६च्या दौऱ्याची घोषणा केली. पर्टच्या जागी जर्मन ड्रमर अनिका नाइल्स; जगाला ती आधी यूट्यूबवर दिसली. १९७६ मध्ये याच बँडकडे कंपनीने छोटी गाणी मागितली होती, आणि त्यांनी ‘२११२’ ही वीस मिनिटांची रचना हातात ठेवली. या दौऱ्याच्या तिकीटविक्रीकडे बोट दाखवून प्रॉग परतल्याची ग्वाही दिली जाईल. ती विक्री पहिल्या रकान्यात मांडावी. आपल्या खोलीत कॅमेऱ्यासमोर सातच्या मात्रांत वाजवत नाव कमावणाऱ्या मुलामुलींची पिढी दुसऱ्या रकान्यात येते, आणि सध्या वाढता आहे तो तोच.