नंतर आठवण करा

माणसाची खरी परीक्षा संकटात होते असं म्हणतात. मला ते पटत नाही. संकटात सगळेच धावतात. खरी परीक्षा होते ती संगणकाच्या पडद्यावर एक लहानशी चौकट उगवते तेव्हा. 'नवी आवृत्ती आली आहे. आता घ्यायची, की नंतर आठवण करू?' असं ती अदबीनं विचारते, आणि मी तितक्याच अदबीनं 'नंतर'वर बोट ठेवतो. गळकी कौलं, दुखरी दाढ, विम्याचा हप्ता आणि थोरल्या भावाशी धरलेला अबोला, या सगळ्यांना मी जन्मभर हेच उत्तर देत आलो आहे. फरक इतकाच की दाढ दुसऱ्यांदा विचारताना अदब पाळत नाही.

यात नीती-अनीतीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. माझंही हेच मत होतं. माझा संगणक, माझा आळस आणि झालंच तर माझं नुकसान! हे मत माझ्या सासुरवाडीनं मोडीत काढलं.

माझी सासुरवाडी करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठी. १९८० साली धरण पुरं झालं आणि आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली. उरलेल्या माळावर त्याच पाण्यानं त्यांनी केळी केली. या धरणाचा हिशेब न्यारा आहे. पोटात ११७ टीएमसी पाणी मावतं, पण तळाचं त्रेसष्ट टीएमसी मोजायचंच नाही, तो मृत साठा. त्यामुळे एखाद्या पावसाळ्यात ते शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि उन्हाळ्यात शून्याच्या खाली. 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य इथे लोक 'भाऊ पुण्याला गेला' इतक्या सहज म्हणतात. शून्याखाली जाऊनही गावाला पाणी पाजणारं दुसरं खातं माझ्या माहितीत नाही. माझं खातं शून्याखाली गेलं, तर मॅनेजर साधा चहा पाजत नाही.

तर, आबांच्या ओसरीवर एक संगणक आहे. दिवसा त्यावर केळीचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार; रात्री सिनेमे. हे सिनेमे दाखवतं व्हीएलसी. रस्त्याच्या कामावर ठेवतात तो नारिंगी-पांढरा शंकू हे त्याचं चिन्ह. आबा त्याला 'टोपी' म्हणतात. 'पाव्हणं, जरा टोपी लावा,' असं त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी डोकं चाचपलं होतं.

या टोपीचा इतिहास मोठा सज्जन आहे. १९९६ च्या सुमारास पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं. त्यांच्या संघटनेनं रस्त्यावरचे शंकू गोळा करून ठेवले होते (कसे गोळा केले ते आपण विचारू नये), त्यातलाच एक चिन्ह झाला. २००१ साली त्यांनी हे काम जगाला मोकळं करून टाकलं. कुणीही घ्यावं, वापरावं, आतली रचना उघडून बघावी. पैसा नाही, जाहिरात नाही.

२०२२ च्या मे महिन्यात आबांनी नवा संगणक घेतला आणि त्यावर टोपी चढवण्याचं काम माझ्याकडे आलं. जावयाला मान मिळतो तो ज्ञानामुळे, असा सगळ्याच जावयांचा गैरसमज असतो. मी बाह्या सावरून बसलो. पण व्हीएलसीची मूळ साइट काही उघडेना. त्या वर्षी फेब्रुवारीपासून ती भारतात बंद केलेली होती. नोव्हेंबरात पुन्हा उघडली. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सगळं घर मागे उभं. 'जमत नाही' म्हणणं जावयाच्या कोशात नसतं. मी दुसऱ्याच एका साइटवर गेलो. तिथे तीन हिरवी बटणं होती, त्यातलं सर्वांत मोठं दाबलं. टोपी आली. पण वऱ्हाडात नवरदेवाबरोबर येतात तशी आणखी चार अनोळखी मंडळीही आली. एक हवामान सांगणारा, एक घड्याळवाला, एक शोध घेणारा, आणि चौथा काय करतो ते अखेरपर्यंत कळलं नाही. वर ती टोपीही जुनीपुराणी निघाली. दर भेटीत तिची चौकट उगवायची आणि मी 'नंतर' दाबायचो. हात लावला तर सगळंच बिंग फुटेल, ही भीती.

असं दोन वर्षं चाललं. २०२४ चा उन्हाळा आला. उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरली. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं, जुन्या भिंती वर आल्या. पाणी आटलं की झाकलेलं दिसू लागतं, हा निसर्गनियम. त्याच सुमारास हिचा भाचा इंजिनिअरिंगची परीक्षा देऊन घरी आला आणि संगणकापाशी बसला.

"मामा, हा प्लेयर कुठनं घेतला होता हो?"

"का रे? चित्र दिसत नाही का?"

"दिसतंय. पण लई जुना आहे. ह्यात भोकं आहेत."

मी हसण्यावारी नेलं. सिनेमा बघणारं यंत्र ते, त्याला भोक पडून काय गळणार? पोरानं मग आबांना समजेल अशा भाषेत सांगितलं, आणि त्यामुळे मलाही समजलं.

समजा, पाहुण्यांची चिठ्ठी आली की दहा पानं वाढा. आपण दहा पाट मांडले आणि आले पंचवीस. चोख यजमान दारातच माणसं मोजतो. भोळा यजमान मोजत नाही. मग वरचे पंधरा सरकत सरकत माजघरात शिरतात, आणि त्यातला एखादा तयारीचा असला तर थेट स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला हुकूम सोडू लागतो. आचाऱ्याला वाटतं, यजमानच बोलताहेत. व्हिडिओची फाइल अशीच चिठ्ठी घेऊन येते, आणि प्लेयर तिच्यावर विश्वास ठेवून जागा राखतो. बहुतेक फायली सभ्य असतात. एखादी मुद्दाम खोटी चिठ्ठी आणते, आणि मग संगणक तिच्या मालकाचा होतो. २०१५ साली अँड्रॉइड फोनमध्ये असलं भोक सापडलं होतं, नुसत्या आलेल्या व्हिडिओ-संदेशातून आत शिरता येईल असं. २०१९ साली व्हॉट्सअ‍ॅपच्या अशाच दोषाबद्दल आपल्याकडच्या सर्ट-इननं इशारा दिला होता. आणि २०१७ साली चेक पॉइंट कंपनीच्या लोकांनी दाखवलं, की सिनेमाखाली येणाऱ्या संवादांच्या ओळींतूनसुद्धा चोर आत येऊ शकतो. व्हीएलसीही त्या यादीत होतं.

"बघा!" मी संधी साधली. "फुकटातलं हे असंच असायचं."

आबा तंबाखू मळत होते. त्यांनी एकच विचारलं, "ही भोकं लोकांस्नी सांगितली कुणी?"

पोरानं सांगितलं, की ज्यांना सापडलं त्यांनी आधी करणाऱ्यांच्या कानावर घातलं, बुजवायला अवधी दिला, मगच चारचौघांत बोलले. आणि करणाऱ्यांनी ते बुजवून स्वतःच जाहीर केलं. युरोपीय आयोगानं भोकं शोधणाऱ्यांना बक्षिसं लावली, तेव्हा तर जून २०१९ मध्ये व्हीएलसीच्या एकाच आवृत्तीत तीसहून अधिक दुरुस्त्या झाल्या आणि त्याचा आकडा त्यांनी आपण होऊन छापला.

"मग माणसं बरी हायती," आबा म्हणाले. धरणाच्या कामावर त्यांनी मुकादमी केलेली. "दगडी धरणाच्या पोटात भुयार ठेवत्यात, त्यात झिरपा मोजत्यात. झिरपत न्हाई असं धरण नसतंय, पाव्हणं. किती झिरपतंय ते मोजून सांगणारा पायजे. झिरपतच न्हाई म्हणणारा भेटला, की गाव सोडावं."

मला घाम फुटला. म्हणजे, शोधणाऱ्यानं आपला धर्म पाळला, करणाऱ्यानं आपला पाळला, आणि ही सगळी साखळी पॅरिसपासून करमाळ्यापर्यंत येऊन माझ्या एका बोटाशी तुटली. माझा आळस माझ्यापुरता नव्हता. त्या संगणकावर आबांच्या केळीचा पैसा फिरत होता. भोक ठाऊक नसणं हा अज्ञानाचा भाग. पण ठाऊक झाल्यावर गप्प बसणं याला दुसरं नाव आहे, आणि मी ते दोन वर्षं 'संकोच' म्हणून खपवलं होतं.

तसा शेवटचा एक बचाव मी करून पाहिला. जुलै २०१९ मध्ये जर्मनीच्या सरकारी खात्यानं व्हीएलसीत मोठं भोक असल्याचा इशारा दिला होता. तपासल्यावर कळलं, की दोष जोडीला येणाऱ्या एका वेगळ्याच तुकड्यातला होता, आणि तोही वर्षाहून आधी बुजवलेला. तेव्हा असल्या आरोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा? पोरगं म्हणालं, "मामा, आरोळी ठोकणाऱ्याचाच संगणक जुना होता. त्यानं अपडेट केलं नव्हतं." मी बचाव आवरता घेतला.

जेवणं झाल्यावर आबांना अंगणात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तीन हिरवी बटणं, चार वऱ्हाडी आणि दोन वर्षांचं 'नंतर'.

"ठावं हाय," आबा म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"पोरगं तवाच दिवाळीला म्हणालं हुतं, कायतरी वंगाळ शिरलंय. तवाधरनं बँकेचं काम ह्या डब्यावर करत न्हाई. वर नुसता शिनिमा."

"मग मला बोलला का नाहीत?"

"जावयाला कसं सांगायचं?" आबा खाली बघत म्हणाले.

म्हणजे, मी त्यांच्या संगणकातलं भोक लपवत होतो आणि ते माझ्यातलं. त्यांनी त्यांच्यापुरता बांध घातला, पण भोक ज्याचं, त्यालाच कुणी कळवलं नाही. मान राखण्याच्या नादात आपण माणसाला जुन्याच आवृत्तीवर ठेवतो. किती घरांत किती जावई असे विनादुरुस्ती चालू असतील, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पोरानं संगणक धुऊन काढला आणि मूळ साइटवरून नवी टोपी चढवली. परतीच्या एसटीत मी हिला सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "तुम्हांला तुमच्या चुका कुणी सांगत नाही असं कसं? मी पस्तीस वर्षं सांगतेय. आधी घरात सांगते, चारचौघांत कधी बोलले नाही. सुधारायला अवधीही देते."

खरं होतं ते. नियम तिनं पुरा पाळला होता. मीच दर वेळी 'नंतर' म्हणत आलो होतो.

"थोरल्या भावजींना फोन करा," ती म्हणाली.

बोट सवयीनं उचललं गेलं होतं. मी ते तसंच पुढे नेलं आणि नंबर लावला.