मागें राहिलेला सोबती

कर्जत व खालापूर तालुक्यांतील ज्या पायवाटांनीं आपले ठाकूर व कातकरी बंधुभगिनी डोक्यावर मोळी घेऊन उतरतात, तशाच वाटांनीं हल्लीं शहरांतील माणसें केवळ हौसेनें धांवूं लागलीं आहेत. सुमारें २१ किलोमीटरांच्या धांवेस अर्धमॅरेथॉन म्हणतात. साताऱ्यास यवतेश्वराच्या घाटांत २०१२ पासून अशी धांव होत आली आहे, पण ती सडकेची. दगड, मुरूम, ओढे आणि कारवीचें रान तुडवीत जी धांव होते, तिची गोष्ट निराळी. ज्यांस पोटासाठीं रोज डोंगर चढावा लागतो त्यांस या हौसेचें हसूं येईल, व तें साहजिकच आहे. परंतु तींतून एक प्रश्न निघतो, तो खेळापुरता नाहीं.

समजा, दोघे मित्र बरोबर निघाले. कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून राजमाचीकडे जी चढण जाते ती त्यांनीं धरली. अर्ध्या चढणीवर एकाचा दम तुटला. तो म्हणतो, "तूं हो पुढें." आतां दुसऱ्यानें काय करावें?

कित्येक म्हणतील, थांबावें. त्यांत विचार तो कसला? इतकें सोपें उत्तर मला पटत नाहीं. दुसऱ्यानेंही महिनोन्‌महिने पहाटे उठून तयारी केली आहे. त्याच्या श्रमांस कांहींच किंमत नाहीं असें कसें म्हणावें? शिवाय थांबण्याचेही प्रकार आहेत. घड्याळाकडे पाहत, सुस्कारे टाकीत जो थांबतो, तो दमलेल्या मित्राच्या पाठीवर आणखी एक धोंडा ठेवतो. त्यापेक्षां तो गेलेला बरा! आणि कोणी कोणी तर आपल्या चांगुलपणाची आठवण पुढें वर्षभर काढीत असतो.

मग मित्राचा शब्द प्रमाण मानून निघावें काय? येथें खरी अडचण आहे. "तूं हो पुढें" हे शब्द कधीं मनापासून येतात, कधीं भिडेनें. आपल्यामुळें दुसऱ्याचा खोळंबा होतो ही लाज मोठी चमत्कारिक असते. तिच्यापायीं मनुष्य पायांत गोळे आले असतांही "मी ठीक आहें" म्हणतो. सोबत्यानें थांबावें कीं नाहीं याची चर्चा आपण फार करतों. मागें राहणाऱ्यानें खरें बोलावें, आणि तें वेळींच बोलावें, हें कोणी सांगत नाहीं. माझ्या मतें तें कर्तव्य अधिक जड आहे, कारण खोट्या धीरावर विसंबून जो पुढें गेला त्याला दोष तरी कसा द्यावा?

सडकेवर मी मित्राचा शब्द मानीन. तेथें मागून दुसरे येतात, गाडी येते. रानवाटेवर मानणार नाहीं. चढणीवर दम लागतो, पण घात बहुधा उतरणीवर होतो. उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांच सर्व भार सांवरीत असतात, आणि ते थकले कीं पाऊल चुकतें. तेथें पडलेल्याकडे मदत कशी पोहोंचणार? खालापूरकरांस हें सांगावयास नको. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीस धांवलेल्यांस पावसांत, अंधारांत, निसरड्या वाटेनें पायींच चढावें लागलें, आणि त्या चढणींत नवी मुंबईच्या अग्निशमन दलांतील एका अधिकाऱ्याचा हृदयविकारानें मृत्यु झाला. या डोंगरांत मदत येते ती माणसाच्या पायांनीं. म्हणून जो जवळ आहे तोच काय तो आधार.

वेगवान मनुष्यास आधार लागत नाहीं, हाही भ्रमच. २२ मे २०२१ रोजीं चीन देशाच्या गान्सू प्रांतांत १०० किलोमीटरांच्या डोंगरी शर्यतींत अकस्मात् गारांचा व बर्फासारख्या थंड पावसाचा मारा झाला. १७२ धांवणाऱ्यांपैकीं २१ जण गारठून मेले. त्यांत त्या देशांतील नामांकित धांवपटूही होते. झू केमिंग नांवाच्या एका मेंढपाळानें सहा जणांस आपल्या आसऱ्याच्या गुहेंत आणून, शेकोटी पेटवून वांचविलें. तो शर्यतींत नव्हताच!

अशा पुष्कळ शर्यतींच्या नियमांत असें असतें कीं, वाटेंत कोणी संकटांत दिसल्यास धांवणाऱ्यानें थांबून मदत करावी. नियम चांगला, पण नुसता दमलेला आणि संकटांत सांपडलेला यांतील सीमा तो कशी दाखविणार? ती दोघांनाच ठाऊक असते. म्हणून करार पायथ्याशींच व्हावा, दम शाबूत असतां: कोठपर्यंत बरोबर राहावयाचें, आणि कोठून मोकळें व्हावयाचें. राजमाचीच्या वाटेवर कोंढाणे लेणीं ही विचारावयाची जागा आहे. तेथून माघारीं फिरणें सोपें. पुढें चढ उभा व रान दाट. दोघांनीं तेथें क्षणभर उभें राहून आपल्या पायांची खरी स्थिति एकमेकांस सांगावी. मग वर जावयाचें ठरलें, तर ज्याचा वेग कमी त्यानें पुढें व्हावें व दुसऱ्यानें त्याच्या मागून चालावें.