शंकासमाधान : मिटलेली गुंडाळी

शंका : आमचे घर नगरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. सायंकाळच्या कौटुंबिक उपासनेत नातू शास्त्रपाठ मोबाईलवरून वाचतो. मला तो पवित्र शास्त्राचा अनादर वाटतो. मुलगा म्हणतो, "बाबा, वचन तर तेच आहे ना?" कोणाचे खरे?

समाधान : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे सहजासहजी नामंजूर करता येणार नाही. ज्या छापील ग्रंथावर आपली निष्ठा जडली आहे, तोही एके काळी नवलाईचाच होता. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेव्हा गोव्याच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नसल्यामुळे त्या मराठी ओव्यांना रोमन लिपीचा परका वेष घ्यावा लागला. तरीही भाविकांनी त्या आपल्याच मानून गाइल्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले भाषांतर केडगावच्या मुक्तिसदनात तेथील आश्रित स्त्रियांनीच छापले. खिळे जुळवताना त्यांची बोटे शाईने काळी होत असतील, आणि त्या काळ्या बोटांत मला तरी अनादर दिसत नाही.

तेव्हा यंत्रावर ठपका ठेवून आपली सुटका नाही. मात्र आपल्या मनाला जे खुपते आहे ते निराधारही नाही. त्याचे नाव तेवढे अनादर नव्हे. लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथच्या सभास्थानातला प्रसंग आहे. प्रभूने यशयाची गुंडाळी उलगडली, हवा तो भाग काढून वाचला, आणि मग, लूकने आवर्जून नोंदवल्याप्रमाणे, ती गुंडाळून सेवकाच्या हाती परत दिली व तो खाली बसला; त्यानंतरच सर्वांचे डोळे त्याच्याकडे लागले. वाचनाला असा शेवट लागतो, आणि त्या शेवटानंतरच्या शांततेत वचन मनात उतरते. मोबाईल मिटत नाही, ही त्याची खोड. स्तोत्र चालू असतानाच पडद्यावर कोणाचा वाढदिवस, कुठल्या दुकानाची सवलत सरकत येते. ज्या पेटीत वचन आहे तिच्यातच बाजार आणि कचेरीही भरलेली आहे, आणि माणसाचे लक्ष खेचून घेण्यावरच त्या बाजाराची कमाई अवलंबून आहे. नातवाचे चित्त तिकडे ओढले गेले, तर कसूर त्या एकट्याची म्हणता येत नाही.

म्हणून तजवीज एवढीच करावी, की एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. पाच जण पाच पडद्यांत डोकी घालून बसले, तर ती कौटुंबिक उपासना न राहता एकाच सतरंजीवरचे पाच एकांत होतात. वाचण्यापूर्वी इंटरनेट बंद करावे, आणि पाठ संपताच मोबाईल फडताळात जावा. आता राग येणार नसेल तर एक विचारतो : आपला ग्रंथ रोज उघडला जातो, की रुमालात बांधलेला असतो? तरुण मुलगा आपण होऊन शास्त्रपाठ वाचतो, ही दौलत तक्रारीत हरवू नये. मुलांना चिडीस आणू नका अशी पौलाची ताकीद बापांना आहे. आजोबांना तीतून सूट मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही.

शंका : मुलगी दुबईत परिचारिका आहे. व्हिडिओ कॉलवरून ती आमच्या उपासनेत सामील होते. ही खरी उपासना म्हणावी काय?

समाधान : अवश्य. शरीराने दूर आणि आत्म्याने जवळ असण्याचा अनुभव पौलाने करिंथ व कलस्सै येथील मंडळ्यांना कळवला, तो पत्रानेच. पत्र हे त्याच्या काळचे साधन. परंतु योहानाचे दुसरे पत्रही वाचून पाहावे. लिहिण्यासारखे पुष्कळ असूनही त्याला ते कागद व शाईवर सोपवायचे नव्हते. येऊन समोरासमोर बोलण्याची आशा त्याने धरली होती. मुलीच्या रजेच्या तारखा ठरल्या असतील, तर त्या दिवसांत दुसरे कोणतेही काम अंगावर घेऊ नका.