पट्टी, ठिपका आणि मूळ नमुना

भाताच्या खाचराजवळ दिवा लावला की हिरवे तुडतुडे त्यावर झेपावतात. चार-पाच मिलिमीटरचा जीव, मागे निमुळता होत गेलेला, बोट टेकायच्या आत उडी मारणारा. मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या रांगा दिसल्या, की तो सिकाडेलिडी कुलातला. भात करपवणारा तपकिरी तुडतुडा वेगळ्या कुलातला. त्याच्या मागच्या पायाला हलणारी आर असते. एवढ्यासाठी हातातलं भिंग पुरतं. अडतं ते पुढे, नेफोटेटिक्स या प्रजातीतल्या जाती वेगळ्या करताना.

निग्रोपिक्टस या जातीच्या डोक्याच्या पुढच्या कडेलगत आडवी काळी पट्टी असते, व्हायरेसन्सला ती नसते. ओळखीच्या तक्त्यात वाचताना हे फार सोपं वाटतं. पंखावरचे काळे ठिपके मात्र बेभरवशाचे: कुठे ठळक, कुठे पुसट, काही नमुन्यांत मुळीच नाहीत. माद्यांच्या पंखांची टोकंही नरांसारखी काळीभोर नसतात. म्हणून शेवटचा निवाडा नराच्या पोटात होतो. पोटाचं टोक पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली शिश्नाचा आकार, त्यावरचे काटे पाहायचे. शेतात उभ्या माणसाला हा पुरावा मिळण्याची सोय नाही.

इतका कीस कशासाठी? टुंग्रोसाठी. हा भातरोग दोन विषाणू मिळून घडवतात. रोप खुजं राहतं, पानं पिवळी-नारिंगी होतात. १९६९ मध्ये पूर्व भारतात त्याची मोठी साथ आली होती. हे विषाणू सर्वांत सहजपणे वाहून नेतो तो व्हायरेसन्स. निग्रोपिक्टस त्या कामात बराच कच्चा. डोक्यावरच्या त्या पट्टीचा रोगाशी काही संबंध नाही, पण ती चुकवली तर रोगाचा हिशेब चुकतो.

नावांचा गोंधळ त्याहून वाईट. कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांनी व्हायरेसन्सचं वर्णन १९०८ मध्ये केलं, तेही दुसऱ्याच प्रजातीत घालून. १९६४ मध्ये इशिहारा यांनी त्याच किड्याला नवी जात समजून इम्पिक्टिसेप्स म्हटलं आणि टुंग्रोवरचे कितीतरी प्रयोग याच नावाने छापले गेले. निग्रोपिक्टसही बराच काळ एपिकॅलिस म्हणून वावरला. १९७१ मध्ये घौरी यांनी संग्रहालयांतले मूळ नमुने, म्हणजे ज्यांवरून पहिलं वर्णन लिहिलं गेलं ते टाचणीवरचे किडे, पुन्हा तपासून प्रजातीची फेरमांडणी केली. अशा कामाला आपल्याकडे कारकुनी समजतात. मला ते प्रयोगाच्या अर्ध्या किमतीचं वाटतं: कोणत्या किड्यावर प्रयोग केला हेच ठाऊक नसेल, तर निष्कर्ष कोणाच्या नावावर मांडायचा?

उरते मादी. विषाणू तीही पसरवते, अंडी तीच घालते, आणि पट्टी-ठिपके फसवे निघाले तर तिची जात ठरवायला बहुधा सोबत सापडलेल्या नराची साक्ष काढावी लागते. पीक संरक्षणाच्या सल्ल्यात मात्र प्रति चूड हिरवे तुडतुडे किती, एवढंच मोजायचं असतं. नर-मादी, दोन्ही जाती त्यात एकत्र. जिथे टुंग्रो नाही तिथे याने काही बिघडत नाही, रस दोन्ही जाती शोषतात. जिथे आहे, तिथे निग्रोपिक्टसने भरलेलं खाचर फवारलं जातं आणि मोजक्या व्हायरेसन्सचं शेजारचं सुटतं.